चिंगी थांबायला शिकली



मी लहान असताना आमच्या बार्शीकडच्या वस्तीवर एक कारवानी कुत्रा होता. मोती त्याचं नाव. उंच, सडपातळ, लांब तोंडाचा. माळावर ससा उठला की मोती सुटायचा आणि आम्ही पोरं आरडाओरडा करत त्याच्यामागे. त्याला कुणी काही शिकवलं नव्हतं. दिसलं की धावायचं, एवढंच त्याचं शास्त्र. पुढे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि वडिलांनी मोतीला सशामागे सोडणं बंद केलं. पण मोतीला कायदा कोण सांगणार? मग तिन्हीसांजेला त्याला दावणीला बांधून ठेवावं लागे.

आज मी ज्या कुत्र्याबद्दल बोलणार आहे, तो मोतीच्या अगदी उलट. पाखराचा वास आला की हा कुत्रा धावत नाही, जागच्या जागी थांबतो. त्याला थांबायला शिकवावं कसं, हे शिकण्यात माझी वीस वर्षं गेली. त्यातल्या बारा वर्षांत मी एका चांगल्या कुत्र्याचं नुकसान केलं, तेही सांगणार आहे.

सुरुवातीलाच एक खुलासा. मी सांगतोय ती गोष्ट अमेरिकेतल्या साउथ डाकोटा राज्यातली आहे. १९८९ साली माती तपासणीच्या कामासाठी मी तिकडे गेलो आणि तिथलाच झालो. तिथे ठरावीक हंगामात, परवाना काढून, ठरावीक पक्ष्यांची शिकार करता येते. आपल्याकडे तित्तर, लावे मारायला कायद्यानं बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तेव्हा हे भाषण ऐकून कुणी बंदूक शोधायला निघू नये. मात्र पिल्लाला वळण लावण्याची जी रीत मी सांगणार आहे, ती घरात कुत्रं पाळणाऱ्या कुणालाही उपयोगी पडेल.

पाखरू आणि त्याचा कुत्रा

साउथ डाकोटात ज्या पक्ष्याची शिकार होते, त्याचं नाव फेझंट. आपल्या कोंबड्याच्या गोतातलाच. नर मोठा देखणा. तांबूस सोनेरी अंग, हिरवी-निळी चमकती मान, मानेभोवती पांढरं कडं, लांबलचक शेपूट. मादी मात्र वाळक्या गवताच्या रंगाची. गंमत अशी की हा पक्षी मूळचा अमेरिकेचा नाहीच. तो आशियातला. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला शांघायमधले अमेरिकी वाणिज्यदूत ओवेन डेनी यांनी चीनमधून काही पक्षी ऑरेगॉनला पाठवले आणि तिथे ते रुजले. साउथ डाकोटात १९१९ साली पहिला शिकारीचा हंगाम झाला आणि १९४३ साली याच परदेशी पाहुण्याला त्या राज्यानं आपला राज्यपक्षी करून टाकलं. त्याच्यासाठी तिकडचे शेतकरी शेताच्या कडेला मका आणि ज्वारी पेरून तशीच उभी ठेवतात. हिवाळ्यात बर्फ पडला की पाखरांना खायला कणसं आणि लपायला ताटं मिळतात. बार्शीपासून इतक्या दूर ज्वारीचं शिवार पाहून मला काय वाटलं असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

हा पक्षी गवतात असा दबून बसतो की माणूस दोन हातांवरून गेला तरी दिसत नाही. तिथे डोळा कामाचा नाही, नाक हवं. माणसाच्या नाकात वासाच्या पेशी पन्नास-साठ लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या जातीनुसार दहा कोटींपासून तीस कोटींपर्यंत असतात, असं सांगतात. म्हणून पॉइंटर जातीचे कुत्रे नेतात. पॉइंटर वाऱ्याला आडवा धावत गवत पिंजून काढतो आणि वास लागला की एकदम गोठतो. मान ताणलेली, शेपूट ताठ, पुष्कळदा पुढचा एक पाय अधांतरी. नाकाचं टोक पाखराच्या दिशेला. याला म्हणतात पॉइंट.

हे कुठून आलं? मांजर उंदरावर झडप घालण्यापूर्वी क्षणभर कशी थिजते, ते आपण पाहिलेलं आहे. लांडग्यातही ते आहे. आधी दबा, मग झडप. माणसानं पिढ्यान् पिढ्या निवड करून हा मधला क्षण लांबवला. ज्या कुत्र्याचा दबा जास्त टिकतो, त्याचीच पिल्लं ठेवली. उडत्या पाखरावर बंदूक चालवण्याची पद्धत रूढ होण्यापूर्वी युरोपात असे कुत्रे जाळ्यासाठी वापरत. कुत्रा पाखराजवळ दबून बसायचा आणि माणसं वरून जाळं टाकायची. सेटर या जातीचं नाव त्या बसण्यावरूनच पडलं. म्हणजे थांबण्याची ओढ पिल्लाच्या रक्तातच असते. पण ती असते क्षणभराची. त्या क्षणाची दोन-पाच मिनिटं करणं, हे शिकवणाऱ्याचं काम.

वाघ्याची गोष्ट

१९९८ साली मी पहिलं पिल्लू आणलं. जर्मन शॉर्टहेअर्ड पॉइंटर जातीचं, तपकिरी डोक्याचं, अंगावर ठिपके. खंडोबाची आठवण म्हणून नाव ठेवलं वाघ्या. चलाख होता. तीन महिन्यांचा असताना अंगणात आलेल्या चिमणीसमोर पॉइंट धरून उभा राहिला, तेव्हा मी फोनवरून बार्शीला सगळ्यांना सांगितलं होतं.

तो पाच महिन्यांचा असताना एका ओळखीच्या माणसानं सल्ला दिला, की नेमबाजीच्या मैदानावर घेऊन जा, तासभर बार ऐकले की सवय होऊन जाईल. मला पटलं. आपल्याकडेही म्हणतातच, पाण्यात ढकललं की पोहायला येतं. मी वाघ्याला नेलं आणि एका खांबाला बांधलं. शेजारी दहा-बारा बंदुका चाललेल्या. पहिल्या बाराला तो दचकला. दुसऱ्याला जमिनीला चिकटला. मी म्हटलं, होईल सवय. दहा मिनिटांनी पाहतो तर तो थरथर कापत होता, तोंडाला फेस, आणि गळ्यातला पट्टा तोडायच्या बेतात. सोडल्यावर तो माझ्या गाडीखाली जाऊन बसला. बाहेर काढायला अर्धा तास लागला.

त्यानंतर वाघ्याला बंदुकीचा आवाजच काय, बंदूक नुसती दिसली तरी चालेना. ढग गडगडले की तो न्हाणीघरात. पुढे तर गवतातून पाखरू फडफडलं तरी तो माझ्या पायांशी येऊ लागला, कारण पाखरामागून बार येतो हे त्याच्या डोक्यात बसलं होतं. मी पुष्कळ उपाय केले. उपयोग झाला नाही. वाघ्या बारा वर्षं जगला, मुलांबरोबर खेळला, आनंदानं राहिला. पण ज्या कामासाठी त्याचा जन्म होता, ते त्याला कधी करता आलं नाही. दर ऑक्टोबरात वारा गवतावरून यायचा, तो नाक वर करून उभा राहायचा आणि मग स्वतःहूनच घरात परत यायचा. ते बघवत नसे.

२०१० साली तो गेला. पुढची पाच वर्षं मी कुत्रं आणलं नाही.

सात-आठ आठवड्यांचं पिल्लू

आमच्या शेजारी एक म्हातारे शेतकरी राहत. त्यांच्या घरात तीन पिढ्या असे कुत्रे होते. तिकडे वडीलधाऱ्यांनाही नावानंच हाक मारतात. मी मात्र मनातल्या मनात त्यांना आबा म्हणायचो. वाघ्याची कथा त्यांना माहीत होती. २०१५ सालच्या वसंतात ते एक दिवस आले आणि म्हणाले, "माझ्या ओळखीत एक कुत्री व्यायली आहे. या वेळी मी सांगेन तसं करणार असशील, तर जाऊन पिल्लू पाहू." अशी चिंगी आमच्या घरी आली.

आबांचा पहिला नियम असा, की पिल्लू बघण्याआधी त्याचे आईबाप बघायचे. आई रानात काम करते का, शांत आहे का, दोघांच्या खुब्याची हाडं तपासलेली आहेत का. दुसरा नियम, पिल्लू सात आठवड्यांच्या आत आईपासून तोडायचं नाही. भावंडांशी खेळताना पिल्लू चावा केवढा घ्यायचा ते शिकतं. जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ मोडतो. हा धडा माणसाला देता येत नाही. पाखरू दातात धरून आणायचं, पण त्यात दात रुतवायचा नाही, याची सुरुवात तिथेच होते.

तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौथ्या महिन्यापर्यंत पिल्लाचं मन उघडं असतं. या काळात जे भेटलं ते आपलं, जे भेटलं नाही ते परकं. म्हणून या दिवसांत शिकवणं कमी आणि दाखवणं जास्त. चिंगीला आम्ही गुडघाभर गवतात चालवलं, लाकडी पुलावरून नेलं, गाडीत बसवलं, म्हाताऱ्या माणसांकडे नेलं, पोरांकडे नेलं. अर्थात लशी पूर्ण होईपर्यंत अनोळखी कुत्र्यांच्या वावराची जागा टाळली, कारण पार्व्हो हा रोग कोवळ्या पिल्लाचा जीव घेतो. पाणी दाखवायचं तर ऊन पडलेल्या दिवशी, उथळ काठाला. मी स्वतः चपला काढून पाण्यात उतरलो आणि पाठ करून चालू लागलो. ती काठावर कुंईकुंई करत राहिली आणि मग आपणहून आली. पाण्यात ढकललेलं पिल्लू पोहतं खरं, पण पुन्हा पाण्याजवळ येत नाही. मैदानावर वाघ्याचं झालं ते याहून वेगळं नव्हतं.

तीनच शब्द

आबा म्हणायचे, शिकारी कुत्र्याला तीन शब्द पुरतात. ये, थांब आणि आण. मी ते मराठीतच शिकवले. कुत्र्याला भाषा नसते, त्याला आवाज असतो. शब्द छोटे हवेत, एकमेकांपासून वेगळे ऐकू यायला हवेत आणि घरातल्या सगळ्यांनी तेच वापरायला हवेत. पुढे आबाही माझ्या अंगणात उभे राहून ‘ठांब, ठांब’ करू लागले. चिंगी त्यांचंही ऐकायची.

पहिला शब्द ‘ये’. तो जेवणाच्या वाटीपासून सुरू झाला. वाटी ठेवायची, ‘ये’ म्हणायचं. मग अंगणात पंधरा हातांचा दोर गळ्यात अडकवून. आपल्या बैलाला कासरा असतो तसा हा दोर. पिल्लू जमिनीवरून तो ओढत फिरतं आणि ऐकलं नाही तर आपण टोक उचलायचं. इथे एक गोष्ट कधी विसरायची नाही. पिल्लाला हाक मारून जवळ बोलवायचं आणि मग रागवायचं, हे कधी करू नये. आपण रागावतो त्यानं चप्पल फाडली म्हणून. पिल्लू समजतं, आपण जवळ आलो म्हणून मार बसला. दोन-तीनदा असं झालं की ते यायचं बंद होतं आणि आपण म्हणतो, कुत्रं हट्टी आहे.

दुसरा शब्द ‘थांब’. जमिनीवर एक फळी ठेवायची, तिच्यावर पिल्लाला उभं करायचं आणि हलकेच धरून ‘थांब’ म्हणायचं. एक श्वास थांबलं की सोडायचं, शाबासकी द्यायची. उद्या दोन श्वास. पायाखाली फळी असली की थांबणं म्हणजे काय, हे त्याच्या पायांना कळतं. मग फळी काढायची. मग आपण दोन पावलं मागे जायचं, मग त्याच्याभोवती फिरायचं. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं. त्याहून जास्त नाही. पिल्लाचा कंटाळा यायच्या आत धडा संपला पाहिजे.

तिसरा शब्द ‘आण’. घरातल्या बोळात, सगळी दारं लावून, एक मोजा गुंडाळून फेकायचा. पिल्लू तो उचलून पळून जाईल तर जाणार कुठे? आपल्याकडेच येणार. आलं की मोजा हिसकायचा नाही. आधी त्याला कुरवाळायचं, मोजा तोंडात राहू द्यायचा आणि मग हळूच घ्यायचा. ओढाताणीचा खेळ तर अजिबात नाही, नाहीतर ते उद्या पाखरूही ओढेल. जूनमध्ये चिंगीचे दुधाचे दात पडू लागले, तेव्हा आबांनी हा धडा पूर्ण बंद करायला लावला. हिरड्या दुखत असताना काही उचलायला लावलं, तर पिल्लू उचलण्याचाच तिटकारा करतं.

कबुतरांची शाळा

आबांच्या खळ्यावर कबुतरांची ढाबळ होती. ही कबुतरं कितीही लांब नेऊन सोडली तरी संध्याकाळी ढाबळीत परत. तीच चिंगीची मास्तर झाली.

पद्धत अशी. एक कबुतर झडपेच्या पेटीत ठेवून गवतात लपवायचं. झडपेचा खटका दुरून उघडता येतो. मग वारा पाहून पिल्लाला अशा बाजूनं आणायचं, की वास त्याला आडवा लागावा. चिंगी उड्या मारत आली, अचानक तिची मान वळली आणि ती थबकली. क्षणभरच. मग तिनं पाऊल पुढे टाकलं. त्याच क्षणी आबांनी खटका दाबला आणि कबुतर फडफडत उडालं. चिंगी पाठलागाला धावली, दमली, परत आली. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. पाऊल टाकलं, कबुतर गेलं. आठ-दहा दिवसांत तिला कळलं की पुढे सरकलं तर पाखरू जातं, थांबलं तर राहतं. हे आम्ही सांगितलं नाही, कबुतरांनी सांगितलं. आम्ही दोघांनी फक्त एकच केलं. गप्प राहिलो. कुत्रा पॉइंटवर असताना मालकानं बडबड केली, की त्याचं लक्ष पाखरावरून मालकाकडे जातं.

एक काळजी मात्र घ्यायची. या काळात पाखरू पिल्लाच्या तोंडी लागता कामा नये. एकदा झडप यशस्वी झाली की ते थांबेल कशाला?

पहिला बार

आता तो भाग, ज्याची मला धास्ती होती. ४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. त्या रात्री दिवाळीसारखे फटाके वाजतात. चिंगी तेव्हा पाच महिन्यांची. वाघ्याचं झालं त्याच वयाची. त्या रात्री मी तिला तळघरात नेलं, रेडिओ मोठ्यानं लावला आणि तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिलो. तिला हाड चघळायला दिलं. बाहेर काय चाललंय याचा तिला पत्ताच लागला नाही.

ऑगस्टमध्ये आबा म्हणाले, आता सुरू करू. त्यांचं तत्त्व सोपं होतं. आवाज एकटा आला तर भीती, आनंदाबरोबर आला तर आनंदाचा भाग. मी चिंगीला घेऊन कबुतराकडे निघालो. आबा शंभरेक पावलांवर उभे, हातात नुसता आवाज करणारं छोटं पिस्तूल. कबुतर उडालं, चिंगी जीव खाऊन मागे धावली आणि ती पार रंगात आलेली असताना आबांनी एक बार काढला. एकच. फट्.

चिंगीचा एक कान हलला. ती धावतच राहिली.

मी खाली बसलो. आबांनी लांबूनच विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

त्या दिवशी दुसरा बार काढला नाही. दोन दिवसांनी पुन्हा एक, तेवढ्याच अंतरावरून. मग नव्वद पावलांवरून. कान जास्त मागे गेले, शेपूट खाली आली, तर पुन्हा लांब जायचं. महिनाभरानं पिस्तुलाच्या जागी छोटी बंदूक आली, पुन्हा शंभर पावलांपासून. सप्टेंबरअखेर माझ्या शेजारी बार झाला तरी चिंगी आकाशाकडे बघायला लागली. पाखरू कुठे आहे? बार म्हणजे पाखरू, हे समीकरण तिच्याही डोक्यात बसलं होतं. वाघ्याच्याही बसलं होतं. फरक एवढाच की तिचं समीकरण आनंदाचं होतं.

या सगळ्याला पाच आठवडे लागले. मैदानावर वाघ्याला मी दहा मिनिटं दिली होती.

रानातले धडे

चिंगीच्या पहिल्या हंगामात मी फक्त पाच-सहा दिवस गेलो, तेही दोन-दोन तास. वर्षाच्या आत हाडांची वाढ पुरी झालेली नसते. दिवसभर पळवलं तर सांधे जन्माचे जातात. शिवाय रानातलं फेझंट काही कबुतरासारखं पेटीत बसलेलं नसतं. ते गवताखालून पळत सुटतं. चिंगी पॉइंट धरायची, पाखरू तिथून कधीच निघून गेलेलं असायचं आणि ती रिकाम्या गवताकडे बघत उभी. थोडं सरकून पुन्हा वास धरायचा, हे तिला रानानंच शिकवलं. नियम मी सांभाळला. ती नीट थांबली नाही आणि पाखरू उडालं, तर मी बंदूक उचलायची नाही. कितीही देखणा नर असला तरी.

थांबण्याला एवढं महत्त्व का? तिथल्या नियमानं फक्त नर मारता येतो, दिवसाला तीन. एक नर अनेक माद्यांना पुरतो, म्हणून हंगामानंतरही वीण टिकते. पण कुत्र्याला वासावरून नर-मादी सांगायला आपण शिकवत नाही. तो दोन्ही दाखवतो. पाखरू उडाल्यावर ते नर की मादी, हे माणसानं बघायचं. कुत्रा स्थिर असेल तर माणूस शांतपणे पुढे जाऊ शकतो, उठणाऱ्या पक्ष्याचा रंग पाहू शकतो आणि मादी असेल तर बंदूक खाली करू शकतो. शिवाय कुत्रा पाखरामागे उडी मारत असेल, तर खालून उडणाऱ्या पाखराचे छर्रे त्याला लागू शकतात. असे अपघात होतात.

दुसऱ्या हंगामातली, २०१६ सालच्या नोव्हेंबरातली एक गोष्ट सांगतो. ज्वारीच्या पट्ट्याशेजारी चिंगीनं पॉइंट धरला. नर उठला. मी बार काढला, पण नेम चुकला, पंखाला लागला. पक्षी खाली पडला आणि पळाला. पळत थेट पाणकणसांच्या दाट रानात. मी तिथे पोहोचेपर्यंत पान हलत नव्हतं. माणसाला तो सापडणं शक्य नव्हतं. तो तिथे तडफडत राहिला असता, रात्री थंडीनं किंवा कोल्ह्याच्या तोंडी मेला असता. मी म्हटलं, "आण." चिंगी आत शिरली. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बर्फाळ चिखलात तिच्या पावलांचा आवाज लांब लांब जात राहिला. मग ती भलत्याच बाजूनं बाहेर आली. पोटापर्यंत चिखल आणि तोंडात तो नर, जिवंत. तिनं तो माझ्या हातात दिला. मी त्याला लगेच यातनेतून सोडवला. पक्ष्याच्या अंगावर तिच्या दाताची एकही खूण नव्हती.

त्या रविवारी मी आईला फोन केला. आईच्या गळ्यात माळ. तिला हे कधीच आवडलं नाही. तिनं विचारलं, "पण मुळात मारतोस कशाला रे?" मी तिला सांगितलं की मी जे मारतो ते खातो. तिकडे बंदुका आणि काडतुसांवर १९३७ सालच्या कायद्यानं कर आहे, त्यातून आणि परवान्याच्या पैशातून रानं राखली जातात, हेही सांगितलं. गवताचं रान मोडून मका-सोयाबीन पेरलं की पाखरं बंदुकीशिवायच नाहीशी होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते सगळं खरं असेल. पण तुझ्यापेक्षा त्या कुत्रीला जास्त कळतं. तिनं त्याला दुखवलं नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. त्यानंतर मात्र नेमाची खात्री नसेल तर मी बार काढत नाही. पूर्वी दिवसाचे तीन नर पुरे करायची हौस होती, ती गेली.

दिवाळीच्या आधी

शेवटी तुमच्यापैकी ज्यांच्या घरी पिल्लू आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. दिवाळीत कुत्री पलंगाखाली शिरतात, दोन-दोन दिवस जेवत नाहीत. ‘होईल सवय’ म्हणून पिल्लाला फटाक्यांच्या गर्दीत नेऊ नका. मी तेच केलं होतं. त्याऐवजी दिवाळीच्या दोन-तीन महिने आधी, त्याच्या जेवणाच्या किंवा खेळाच्या वेळी, फटाक्यांचा ध्वनिमुद्रित आवाज अगदी हळू लावा. इतका हळू की त्याचं खाणं थांबू नये. काही दिवसांनी किंचित वाढवा. खाणं थांबलं की समजा घाई झाली, पुन्हा कमी करा. आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्याला आतल्या खोलीत ठेवा, रेडिओ लावा, शेजारी बसा. आधीच घाबरून गेलेलं कुत्रं असेल, तर हे सगळं सुरू करण्यापूर्वी जनावरांच्या डॉक्टरांना विचारा.

आबा आता नाहीत. चिंगी दहा वर्षांपुढची झाली आहे. तोंड पांढरं पडलंय, कानांनी कमी ऐकू येतं. ‘थांब’ म्हटलेलं तिला आता ऐकू येत नाही, म्हणून मी हात वर करतो. ती थांबते. मागच्या हंगामात आम्ही दोघं सकाळी तासभर ज्वारीच्या कडेनं फिरून आलो. तिनं दोन वेळा पॉइंट धरला. दोन्ही वेळा मादी उडाली. चिंगी उडत्या पाखराकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)